शेवटचा शब्द बाटलीचा

पिनी ग्रोव्ह, मिसिसिपी
१४ मे १९७२, रविवार, मातृदिन

वन्सं,

आज चर्चला जाताना कोणतं फूल लावलंत, लाल की पांढरं? आई जिवंत असली तर लाल, गेली असली तर पांढरं, हा आपल्याकडचा नेम शिकागोत पाळतात की नाही मला ठाऊक नाही. पाळत असतील तर लाल लावत चला. म्हातारी आहे अजून. पाय गेले, डोळे गेल्यात जमा आहेत, पण जीभ अशी की तिच्यावर कोंबडी कापून घ्यावी.

अक्षर ओळखलं नसेल. मी झेल्मा. तुमच्या क्लोविसची बायको, आता त्याची विधवा. क्लोविस गेला तेव्हा तुम्ही फुलं पाठवलीत, स्वतः आला नाहीत. त्याबद्दल मी काही बोलत नाही. आता हे "बोलत नाही" मी लिहून कशाला काढलं, ते तुम्हाला कळतंच.

हे पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाडा, पण आधी पुढचं वाक्य वाचा. मला एक शनिवार पाहिजे. सप्टेंबरातला पहिला, कामगार दिनाच्या सुट्टीला लागून येतो तो. तेवढा एक दिवस येऊन तुमच्या आईजवळ बसा. बाकी काही मागत नाही. जेवण मी करून ठेवीन.

म्हणाल, गावात माणसं मेलीत का? नाही मेली, तीच तर पंचाईत. क्लोविस गेल्यापासून चर्च नि दुकान सोडलं तर मी या घराच्या घंटेपलीकडे गेलेले नाही. सासूबाईंच्या उशाशी गाईच्या गळ्यातली घंटा आहे. ती वाजली की मी हजर पाहिजे. नाही झाले तर त्या देवाला मोठमोठ्यानं हाका मारतात, "ने रे मला, इथं माझं कुणी नाही!" देव येत नाही, पण शेजारची सिस्टर ओडम येते, आणि ती देवापेक्षा वाईट. मला दुकानात जायचं असलं की ती येऊन बसते, नाही म्हणत नाही. पण मी कुठं गेले, कशाला, कुणाशी हसले, हे सगळं पुढच्या रविवारी चर्चच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचलेलं असतं.

त्यात पाद्रीनं माझ्यावर प्रवचन केलं. नाव घेऊन! "आपल्यातली रूथ," म्हणाला. बायबलातली रूथ नवऱ्यामागं सासूला सोडून गेली नाही, तशी आपली सिस्टर झेल्मा. सगळ्या बायका माझ्याकडं वळून पंख्यानं वारा घालायला लागल्या, मी जशी काही ऊन लागून पडणार होते. रूथला शेवटी बोआझ मिळाला, शेतीवाडीवाला दुसरा नवरा, ते मात्र पाद्रीनं गिळलं. कुलूप लावून कोंडलं असतं तर खिडकीतून तरी उडी मारली असती. कौतुकानं कोंडलं की कुठून उडी मारणार?

आता शनिवारचं कारण. रागावू नका. मी गिटार शिकतेय.

कुंपणापलीकडच्या मिस्टर ओबी रॅन्समकडून. हो, तोच. अजून जिवंत आहे, अजून टोपी तिरकीच घालतो. त्या शनिवारी बोकडाची जत्रा भरते, तिथं तो दर साली वाजवतो. यंदाची त्याची शेवटची. मग मुलगी त्याला मेम्फिसला नेणार आहे. त्याची डावी करंगळी आखडलीय, तारांवर सरकवायचं ते बाटलीचं कापलेलं तोंड तिच्यावर चढत नाही. बाटलीशिवाय त्याची गाणी म्हणजे दात नसलेला कुत्रा. म्हणून त्यानं मला विचारलं, "झेल्मा, तुझी करंगळी रिकामीच आहे ना?"

आजवर एवढ्या माणसांनी माझे हात मागितले, ताटं धुवायला. करंगळी कुणी मागितली नव्हती.

तुमची भावजय,
झेल्मा


पिनी ग्रोव्ह
१८ जून, रविवार

वन्सं,

उत्तर नाही. बरं. टपालवाला मला बघून आता दुरूनच मान हलवतो, बिचाऱ्याला वाटतं माझा कुणी यार आहे शिकागोत.

शिकवणी कशी चाललीय ते सांगते. आमच्या मागच्या अंगणात पेकनचं झाड आहे, त्याच्या पलीकडं कुंपण. अलीकडं मी, मांडीत चवळीच्या शेंगांचं घमेलं. पलीकडं मिस्टर ओबी, पाठ करून. हो, पाठ! मी म्हटलं, "अहो, शिकवता की रुसून बसलाय?"

"सवय आहे," म्हणाला. "दारूच्या गुत्त्यांतून वाजवायचो तेव्हा पोरं बोटांकडं टक लावून बसायची, हात चोरायला. म्हणून पाठ फिरवायची. आता तोंड करून वाजवलं तर हातच चालत नाही."

तर मी त्याच्या कोपराकडं बघून शिकते. कोपर वर गेलं की बाटली खाली आली समजायचं. चर्चमध्ये इतकी वर्षं पुढच्या बाईच्या टोपीकडं बघून प्रार्थना शिकले, तसंच हे.

त्याची जुनी गिटार घमेल्याखाली असते. घंटा वाजली की गिटार खाली, घमेलं वर, "आले हं सासूबाई!" चवळी तीच ती. इतके दिवस सोलतेय म्हणून सिस्टर ओडमला वाटतं आमच्याकडं अख्खं शेत पिकलंय.

बाटलीचं तोंड कापून त्यानं पायरीच्या दगडावर घासून गुळगुळीत केलं, तेव्हा मला वाटलं आता दाबून धरायचं नि सरकवायचं. दाबलं. असा आवाज निघाला की कोंबड्या झाडावर चढल्या.

"तू पोळपाटावर लाटणं फिरवतेस का गं?" तो म्हणाला. "टेकव नुसती. झोपलेल्या नवऱ्याच्या खिशात हात घालताना कसा घालतेस?"

तो हात मला येतो. तेव्हापासून बाटली माझं ऐकायला लागली.

अंगठ्याचं निराळं. अंगठ्यानं जाड तारेवर चालत राहायचं, थांबायचं नाही, वर आभाळ कोसळलं तरी. बाकीच्या बोटांनी हव्या तेवढ्या गप्पा माराव्यात. तारा त्यानं आधीच अशा लावून दिल्यात की काही न धरता हात फिरवला तरी सूर जुळून येतो. याला तो "स्पॅनिश" म्हणतो. मी म्हटलं, "स्पेनमध्ये कुणी राहिलंय का तुमचं?" म्हणाला, "माझ्या आज्याला विचार. तोही तिथं गेला नव्हता."

आणि मोजायचं नाही. मी पहिल्यांदा पायानं ठेका मोजला तर कुंपणापलीकडून खडा आला. "मोजतेस काय? बोलणं संपलं की सूर बदल. नाही संपलं तर नको बदलू. तू भांडताना मोजतेस का?"

पण खरी गंमत पुढं आहे. शेवटचा शब्द म्हणायचा नाही. ओळ गायची, शेवटच्या शब्दाशी आलं की तोंड मिटायचं, आणि तो शब्द बाटलीनं म्हणायचा. "माणसाला जे तोंडानं सांगवत नाही ना," तो म्हणाला, "ते शेवटी येतं. ते बाटलीवर सोड."

आता त्याची गाणी मी घरात कशी गाणार? पहिल्या ओळीतच कुणाची तरी बायको कुणाच्या तरी मागच्या दारानं बाहेर पडते. म्हणून मी चर्चचं गाणं घेतलं, सापडले तरी शास्त्रोक्त सापडावं. "थकले रे, नदी मोठी, पल्याड ने, मला तू ने..." इथं थांबायचं, आणि "घरी" हे बाटलीनं म्हणायचं.

मी म्हटलं. बाटली म्हणाली. आणि घरातून, खिडकीतून, सासूबाईंचा आवाज आला. घंटा नाही, आवाज. आपल्याकडं डीकन एक ओळ देतो आणि मंडळी ती सावकाश, ओढून ओढून परत करतात ना, तशी त्यांनी झील धरली. "घ... री..." इतकी लांब ओढली की मिस्टर ओबी पाठ फिरवायचा विसरला.

मी धावत आत गेले. म्हातारी उशीला टेकून बसलेली. म्हणाली, "अंगणात कोण ब्रदर आलाय गं? काय आवाज आहे! इतका गहिवर आपल्या चर्चमधल्या एकाही डीकनच्या गळ्यात नाही."

वन्सं, मी काय बोलणार होते? म्हटलं, "नदीपलीकडचे आहेत. लाजाळू आहेत."

"नाव काय त्याचं?"

माझ्या करंगळीत अजून काच होती. म्हटलं, "ब्रदर ग्लास."

झेल्मा

शनिवारचं विसरू नका.


पिनी ग्रोव्ह
९ जुलै, रविवार

वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. पुढं तळ्याचं चित्र, मागं दोन ओळी. "तो अजून पोटाच्या औषधाच्या निळ्या बाटलीचंच तोंड वापरतो का? त्याला सांग, पाठ फिरवून शिकवू नको." खाली सही पण नाही.

अस्सं!

मी कार्ड घेऊन तडक कुंपणाशी. मिस्टर ओबीनं चष्मा लावून वाचलं, परत वाचलं, टोपी काढली. मग म्हणाला, "अर्नेस्टीनचा हात तुझ्यापेक्षा जड होता. पण तिची बाटली खोटं बोलत नसे."

"म्हणजे माझी बोलते?"

"तुझी चेष्टा करते."

मग त्याच्याकडून मला कळलं ते सगळं, जे या घरात लग्न करून आल्यापासून मला कुणी सांगितलं नाही. मला एवढंच माहीत होतं की तुम्ही मायलेकी कशावरून तरी भांडलात आणि तुम्ही रात्रीची गाडी धरलीत. तुमची गिटार म्हातारीनं कपडे उकळायच्या काहिलीखाली जाळली, हे आत्ता ऐकलं. आणि तुम्ही तिथं उभं राहून बघत होतात, रडला नाहीत, हेही. क्लोविसनं हे मला कधी बोलून दाखवलं नाही. त्याला नावं ठेवत नाही. तुमच्या घराण्यात बोलणं फक्त म्हातारीला वारशात मिळालंय.

म्हणून तुम्ही येत नाही. समजलं. पण माझं ऐका, वन्सं. तुम्ही आगीतून निसटलात. मी त्याच काहिलीत उकळतेय.

कारण ब्रदर ग्लासनं माझा सत्यानाश केलाय. म्हातारीला तो रोज पाहिजे. सकाळी न्याहारीआधी, "ब्रदर आला का?" दुपारी, "ब्रदरला बोलाव, छातीत कसंतरी होतंय." मी हातातली कढई टाकून मागच्या दारानं अंगणात पळते, दम खाते आणि वाजवते. ती आतून झील ओढते. मग मी पुढच्या दारानं घामाघूम होऊन आत येते आणि म्हणते, "गेले हो ब्रदर." काल मी थकून म्हटलं की आज त्यांना यायला जमणार नाही, तर जेवली नाही. ताट तसंच. "ब्रदरला कळू दे, त्याच्यामुळं एक म्हातारी उपाशी राहिली."

गिटार ही माझी एकच गोष्ट होती जी घंटेच्या कामातली नव्हती. आता तिलाही घंटा लागली.

आणि सिस्टर ओडमनं ऐकलंय. कुंपणाआडून नव्हे, सासूबाईंच्या तोंडून. परवा चर्चमध्ये मला कोपऱ्यात घेऊन म्हणते, "झेल्मा, ब्रदर ग्लास एकटे आहेत का गं? म्हणजे बायको वगैरे?"

मी म्हटलं, "एकटेच आहेत. फार नाजूक आहेत. पडले तर फुटतील."

"असे हळवे पुरुष आता राहिले नाहीत," ती म्हणाली, आणि आज तिनं त्यांच्यासाठी केक पाठवलाय. मी नि मिस्टर ओबीनं कुंपणावर बसून खाल्ला. चांगला होता.

हसताय ना? हसा. पण इकडं मी एका माणसाची जिवंत सावली होऊन दोन दारांतून आत-बाहेर पळतेय. जत्रेच्या दिवशी मी गेले आणि म्हातारीनं ब्रदरला हाक मारली तर? सिस्टर ओडमला बसवून जावं, तर तिला सांगू काय, कुठं चाललेय? रूथ बोकडाच्या जत्रेत करंगळीत बाटली घालून बसली, हे कळलं तर या गावात मला पाणी कोण विचारील?

तुम्ही आलात तर कुणी काही विचारणार नाही. मुलगी आईला भेटायला आली, एवढंच. मी आपली सुटले.

निळीच बाटली आहे. पाठही फिरवतोच.

झेल्मा


पिनी ग्रोव्ह
६ ऑगस्ट, रविवार

वन्सं,

तुमचं कार्ड आलं. "तुझी अडचण कळते. पण तिनं स्वतः बोलावल्याशिवाय मी त्या अंगणात पाय ठेवणार नाही." या खेपेला सही होती. प्रगती आहे.

मी कार्ड सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हटलं, बघू. त्या भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "कोण अर्नेस्टीन?"

तुम्ही दोघी एकाच खडकाच्या चिपा. मध्ये मी, जात्यात सापडलेली चवळी.

त्यांना लिहिता येत नाही, दिसत नाही. त्यांच्या नावानं "ये बाळ, वाट बघते" असं मी लिहून टाकलं असतं तर तुम्हाला या जन्मात कळलं नसतं. मनात आलं, नाही असं नाही. पेनही उघडलं. पण मग तुम्ही आला असतात आणि पहिल्या वाक्यालाच सगळं फुटलं असतं, आणि मग मला दोन म्हाताऱ्या सांभाळाव्या लागल्या असत्या.

परवा मात्र निराळंच घडलं. सासूबाई म्हणाल्या, "ब्रदरला आज आत बोलाव. अंगणातून पुरे झालं. देवाच्या माणसाला उन्हात उभं करतेस?"

मी म्हटलं, "लाजतात हो."

"मग दाराआड बसू दे. बघायला मला डोळे कुठं आहेत?"

काय करते! गिटार घेऊन खोलीच्या दाराआड जमिनीवर बसले. गळा खाली ओढून पुरुषासारखी खाकरले. वाजवायला लागले. "मला तू ने..." आणि बाटली. आतून झील नाही. मी परत ओळ दिली. तरी नाही. तिसऱ्यांदा दिली.

आतून सासूबाई म्हणाल्या, "ब्रदरला सांग, तिसरी तार उतरलीय."

माझा हात तारेवर तसाच.

"आणि त्याला सांग, बाटली तारांखालच्या पट्टीच्या बरोबर वर आण. मागं राहते, म्हणून सूर रडका येतो. आणि खाकरू नको. क्लोविस खाकरायचा तशी खाकरतेस, अंगावर काटा येतो."

मी आत गेले. करंगळीत काच तशीच. म्हटलं, "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. बाटली आणि ब्रदर यातला फरक मला कळत नाही? मी चर्चची मदर, मानाची म्हातारी, व्हायच्या आधी कोण होते असं वाटतं तुला? जन्मतःच पांढरे कपडे घालून आले? ओबी रॅन्समच्या बापाच्या गिटारीवर मी जोडे फाडलेत, पोरी."

"मग हे ब्रदर, ब्रदर? मला ऊर फुटेस्तोवर पळवलंत!"

"मग काय म्हणू? पाय होते तोवर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पांढऱ्या कपड्यांत चर्चच्या पुढच्या बाकावर बसायची मी. मला गिटार ऐकायचीय, असं कोणत्या तोंडानं म्हणू? ब्रदर ऐकायचाय, असं म्हणता येतं." "आणि तू पळत होतीस तेव्हा मला गंमत वाटत होती. माझ्याकडं दुसरी काय गंमत आहे? या पलंगापायी तू एकटीच अडकलीस असं समजतेस का?"

मला हसू आलं, आणि मग येईना. मी पलंगाच्या कडेला बसले. वन्सं, या घरात येऊन इतकी वर्षं झाली, पण त्या पलंगाच्या कडेला मी पहिल्यांदा बसले. एरवी उभीच असते.

मी म्हटलं, "तुमच्या मुलीचीही अशीच ऐकायची होती की. जाळली कशाला?"

त्यांनी पायांवरची गोधडी चाचपली. मग म्हणाल्या, "तिची जाळली तेव्हा मला तिची भीती वाटत होती. ती वाजवायला लागली की माझे पाय हलायचे."

त्यानंतर आमच्यात जे बोलणं झालं ते मी इथं लिहीत नाही. तुमच्या आईनं शपथ घातलीय. एवढंच लिहिते की त्या म्हणाल्या, "तिला मी बोलावणार नाही. माझी जीभ झडेल. पण तुला जायचंय तर तू तिला बोलाव. माझ्यासाठी नको. तुझ्यासाठी."

म्हणून बोलावते. वन्सं, एक शनिवार. माझ्यासाठी. मिस्टर ओबीनं मला गाणी शिकवून संपवलीत, आता तो नुसता बसतो आणि आखडलेली करंगळी दुसऱ्या हातानं चोळत राहतो. तो गाणार आणि शेवटचा शब्द कुणीच म्हणणार नाही, असं होऊ देऊ नका.

झेल्मा


पिनी ग्रोव्ह
३० ऑगस्ट, बुधवार

वन्सं,

चिठ्ठी मिळाली. "एक शनिवार. तुझ्यासाठी, तिच्यासाठी नाही. शुक्रवारच्या बसनं येते, रविवारी परत." मिळाली आणि मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. घंटा वाजली तरी जरा वेळ नाचलेच.

थोडक्यात सांगते, म्हणजे आल्यावर गोंधळ नको. कॉफीत साखर घातली की त्या म्हणतात जास्त झाली, नाही घातली की म्हणतात कुणाला माझी पर्वा नाही. घालून, नाही घातली म्हणून सांगा. कूस बदलताना डाव्या खांद्याखाली हात घाला. बायबल वाचायला सांगतील, पण तुम्ही वाचायला लागलात की पुढचं त्या स्वतःच म्हणतील. तोंड हलवत राहिलं की पुरे. सिस्टर ओडम आली तर ब्रदर ग्लास परदेशी मिशनवर गेलेत असं सांगा. जरा हळुवारपणे सांगा, तिनं नवी टोपी घेतलीय.

लॉन्ड्री बंद पडली, आता हाताशी काम नाही, असं तुम्ही लिहिलंत. वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण ते वाचून आणखीही काहीतरी वाटलं, ते नंतर कधीतरी.

बसथांब्यावर मी येईन. मला ओळखाल. जिचं एक बोट सगळ्यात जास्त कामात आहे, ती मी.

झेल्मा


मेम्फिस
सप्टेंबर

वन्सं,

आता ओरडून झालं असेल तर खुर्ची घेऊन बसा. बसलात? मग वाचा.

तुम्ही शुक्रवारी बसमधून उतरलात, हातमोजे घालून, आणि मला वाटलं, ही बाई त्या घरात रात्र काढणार नाही. तुम्ही पलंगाच्या पायथ्याशी उभ्या, म्हातारी भिंतीकडं तोंड करून. ती म्हणाली, "झेल्मा, तिला सांग, प्रवासानं दमली असेल तर जेवून घे म्हणावं." तुम्ही म्हणालात, "झेल्मा, त्यांना सांग, मी वाटेत खाल्लं." मी दोघींच्या मध्ये उभी राहून एकीचं दुसरीला सांगत होते, आणि तुम्ही दोघी एकमेकींपासून एक हात लांब. जेवण वाढता वाढता मला पक्कं कळलं, की मी मध्ये आहे तोवर तुम्ही माझ्यातूनच बोलणार. जन्मभर.

शनिवारी जत्रेला गेले. सांगू का कसं झालं? फळ्यांचा मंच, शेणाचा नि भाजल्या बोकडाचा वास, पोरं धुळीत लोळतायत. मिस्टर ओबीनं लोकांकडं पाठ केली. माझ्याकडं तोंड केलं. माझ्याकडं, वन्सं! पहिल्यांदाच मी त्याचे हात समोरून बघितले, तर त्याच्या अंगठ्याचं नख तुटलेलं होतं, आणि मी इतके दिवस त्याच्या कोपराची नक्कल करत होते. तो गायला, शेवटच्या शब्दाशी आला, तोंड मिटलं. माझा अंगठा चालत होता, पण बाटलीची जागा चुकली. चुकीच्या जागी गेली, तिथंच थरथरली. मला वाटलं मेले. तर पुढच्या रांगेतली एक जाडी बाई ओरडली, "खरंय बाई, खरंय!" मग सगळेच ओरडायला लागले. त्यांना वाटलं मी मुद्दाम केलं. मिस्टर ओबी म्हणाला, "परत तिथंच जा." गेले. तिथंच राहिले बराच वेळ. बोलणं संपलं नव्हतं माझं.

संध्याकाळी मिस्टर ओबीची मुलगी गाडी घेऊन आली, त्याला मेम्फिसला न्यायला. मागच्या सीटवर जागा होती. मी बसले.

आता तुम्ही म्हणाल, फसवलं. हो, पण एकटीनं नाही. त्या दिवशी पलंगाच्या कडेला बसून जे बोलणं झालं, शपथेमुळं लिहिलं नव्हतं, ते आता लिहिते. तुमच्या आई म्हणाल्या, "बोलावलं तर ती येईल आणि रविवारी जाईल. पाहुणी म्हणून येईल, हातमोजे काढणार नाही. तू अडकलीयस म्हटलं तर येईल. आली की तू लवकर परत येऊ नकोस. तिलाही अडकू दे माझ्याजवळ थोडी. मागच्या खेपेला ती मला बोलायला वेळ न देता गेली. आता मला वेळ पाहिजे, आणि तिच्याशिवाय कुणाला नाही देता येत तो."

मी म्हटलं, "त्या चिडतील हो."

म्हणाल्या, "चिडू दे. चिडलेली ऐकायला येते तरी."

तेव्हा वन्सं, घंटा आता तुमच्यासाठी वाजते. एव्हाना तुम्हाला ती विहिरीत टाकावीशी वाटली असेल. टाकू नका, मी टाकून बघितली होती, मग त्या काठीनं पत्र्याचं भांडं बडवतात. दुपारी त्या "ब्रदर" म्हणून हाक मारतील. गिटार स्वयंपाकघराच्या दारामागं पिठाच्या पोत्यात आहे. तुमचा हात माझ्यापेक्षा जड आहे असं ऐकलंय. मला नका विचारू काय वाजवायचं, मला फक्त चेष्टा येते. आणि अंगणात जायची गरज नाही. त्यांच्यासमोरच बसा. पाय हलले तर हलू द्या, ते हलायचे राहिलेच आहेत इतकी वर्षं, हलले तर चमत्कारच होईल आणि पाद्रीला प्रवचनाला विषय मिळेल.

मी परत येणार नाही असं मी म्हटलेलं नाही. येईन. कधी, ते म्हटलेलं नाही. मी त्या घराला विटले, पण त्या म्हातारीला विटलेले नाही, हे मला इथं येऊन कळलं, आणि ते कळल्याचा मला जरा रागच आला.

इथं मिस्टर ओबीच्या मुलीच्या गल्लीच्या टोकाला रस्त्यावरचा दिवा आहे, लाल-हिरवा. लाल झाला की गाड्या, ट्रक, पोलीस, झकपक सूट घातलेले पाद्री, सगळे थांबतात. मी रोज सकाळी तिथं जाऊन उभी राहते. मला पलीकडं कुठं जायचं नसतं. नुसती बघते. तो सगळ्यांना थांब म्हणतो, मला एकटीला नाही. काल एका बाईनं विचारलं, "आजी, रस्ता ओलांडून देऊ का?" म्हटलं, "नको गं, मी इथं मजा बघायला आलेय."

म्हातारीला माझा नमस्कार सांगा. हो, तुम्हीच सांगा, मधे कुणी नाहीये आता.

आणि मला झाडायला चार ओळी लिहायला बसाल, तेव्हा पत्राच्या माथ्यावर परत एकदा बघा. नुसतं मेम्फिस लिहिलंय. गल्ली, घर, नंबर काही नाही. ते घाईत राहून गेलेलं नाही.

तुमचीच,
झेल्मा